तळाशी एक घेवडा

मी एक जुनं लाकडी माप आहे. जुनं म्हणा, फुटकं म्हणा, पण खोटं म्हणू नका. मला खोटं म्हणणारा एक माणूस मी भर सभेत ऐकला आहे, आणि त्याला काय उत्तर मिळालं तेही पाहिलं आहे. ती हकीकत सांगायलाच आज बोलतोय.

मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला आमच्या एल्डरबरो गावच्या सभाघरात येता. काचेच्या कपाटासमोर ओळीनं उभे राहता. बाई चिठ्ठी वाचून सांगतात, "हे धान्य मोजायचं माप," आणि तुम्ही पुढं सरकता. त्यात तुमचा दोष नाही. चिठ्ठीवर तेवढंच लिहिलंय. शिवाय कुणाच्या तरी डोक्यातून सजावटीची कल्पना निघाली आणि माझ्यात पिवळाजर्द प्लास्टिकचा मका काठोकाठ भरून ठेवला गेला. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय भरल्या घरचं माप आहे! मला मात्र त्या मक्याची चीड येते. का येते ते शेवटी कळेल.

मला प्रायमसनं घडवलं. तो पिंपं, बादल्या आणि मापं करायचा. मेपलची पातळ फळी वाफेवर मऊ करायची, गोल वाकवायची, टोकं तांब्याच्या खिळ्यांनी जोडायची आणि मग तळ ठोकून बसवायचा. त्याच्या हातात लाकूड गुमान वाकायचं. पण मित्रांनो, ते हात तेव्हा त्याचे नव्हते. प्रायमस हा स्क्वायर थॅक्स्टर यांच्या घरचा गुलाम होता. स्क्वायर म्हणजे आमच्या गावची बडी असामी. ओढ्याचं पाणी त्यांचं, पाण्यावर चालणारी गिरणी त्यांची, टेकडीखालची शेतं त्यांची. प्रायमसची धाकटी बहीण सिल्वी, ती स्क्वायरांच्या वडिलांनी दक्षिणेत कॅरोलिनाला विकून टाकली होती. प्रायमस तिचं नाव कधी घ्यायचा नाही. फक्त मापाचा तळ बसवताना गरजेपेक्षा एक ठोका जास्त मारायचा. त्या ठोक्यामुळे माझा तळ आजवर हललेला नाही.

मग गावच्या मापाऱ्यानं मला तपासलं, खऱ्या मापाशी ताडून पाहिलं आणि माझ्या अंगावर तापलेल्या लोखंडानं गावाची खूण उमटवली. चटका बसला, पण मान मिळाला. मापात पाप नाही, अशी ती ग्वाही होती.

थँकफुलच्या बापानं मला विकत घेतलं आणि लेकीच्या लग्नात जावयाला दिलं. जावई असाहेल फिच. स्क्वायरांची गिरणी तो वर्षाच्या करारानं चालवायचा आणि बायकोसह तिथंच राहायचा. दगड स्क्वायरांचे, चाक स्क्वायरांचं, छप्परही स्क्वायरांचं. असाहेलच्या स्वतःच्या अशा तिथं दोनच गोष्टी होत्या, मी आणि त्याची बायको. आणि बायको आपली आहे असं मोठ्यानं म्हणायचं धाडस त्यानं कधी केलं नाही. थँकफुल या नावाचा अर्थ आभारी. पण उगाच कुणाचे आभार मानत फिरणाऱ्यांतली ती नव्हती.

दिवसभर मी धान्य मोजायचो. पिठानं माखून पांढराफेक व्हायचो. आणि गावाची सभा भरली की मला झटकून, पुसून सभाघरात नेलं जायचं. कारण आमच्याकडे मत द्यायची रीत अशी होती: टेबलावर माप ठेवायचं, एकेकानं मूठ झाकून पुढं यायचं आणि आत एक दाणा टाकायचा. मक्याचा दाणा म्हणजे होय, घेवड्याचा दाणा म्हणजे नाही. घरोघरी मका आणि घेवडा एकाच हंडीत गुण्यागोविंदानं शिजायचे. सभाघरात मात्र ते समोरासमोर उभे राहायचे.

डुकरं मोकळी सोडावीत का, पूल दुरुस्त करावा का, नवा पाद्री ठेवावा का, सगळं माझ्यात ठरलं. इंग्लंडच्या राजाचं ऐकायचं का, हेही माझ्यातच ठरलं. त्या दिवशी मी घेवड्यानं भरलो होतो. मग लढाई झाली. असाहेल लढायला गेला. स्क्वायरांच्या मुलालाही जायचं होतं, म्हणजे जायला हवं होतं. त्याच्या जागी स्क्वायरांनी प्रायमसला पाठवलं. परत आलास तर तू मोकळा, असं ठरलं. प्रायमस परत आला. एका पायानं लंगडत आला, पण आपले हात आपले करून आला. ओढ्याकाठी त्यानं स्वतःचं घर बांधलं, तिथंच काम सुरू केलं. पुढं त्याच्या घराचं आणि कामाचं मोल गावानं मान्य केलं आणि तोही सभेत मूठ झाकून पुढं येऊ लागला. मला घडवणारा हात पहिल्यांदा दाणा टाकायला माझ्यावर आला तेव्हा काय वाटलं, ते सांगता यायचं नाही.

राजा गेला, पण राज्य कुठं आलं? तेरा राज्यं होती आणि तेराही स्वतःच्या तोऱ्यात. प्रत्येकाचं नाणं वेगळं, शेजाऱ्याच्या मालावर जकात वेगळी. सगळ्यांची मिळून एक सभा होती. ती हुकूम काढायची आणि ते हुकूम कुणी मानायचं नाही. प्रायमस म्हणायचा, फळ्या चांगल्या आहेत, पण पिंपाला आवळून धरणारं कडंच नाही. यात पाणी राहणार कसं? ते खरंच होतं. मी स्वतः वाकवून जोडलेलं कडंच आहे, मला कळतं.

त्यातच एका हिवाळ्यात पश्चिमेकडच्या टेकड्यांतले कर्जबाजारी शेतकरी बंदुका घेऊन न्यायालयांवर चालून गेले आणि राज्यानं त्यांच्यामागं सैन्य धाडलं. असाहेल त्या भानगडीत नव्हता. पण एका सकाळी सैनिक गिरणीवर आले. दार उघडा म्हणालेसुद्धा नाहीत. कुऱ्हाडीनं कडी तोडली. कुणा फरारी माणसाला शोधत होते म्हणे. पिठाच्या पोत्यांत संगिनी खुपसून पाहिल्या. थँकफुलच्या पेटीतले कपडे अंगणातल्या बर्फावर फेकले. ती विचारत राहिली, कुणाच्या हुकुमानं आलात, कागद कुठं आहे? एकानं उत्तर म्हणून मला लाथ मारली. मी भिंतीवर आपटलो आणि काठापासून तडकलो.

माणूस काही सापडला नाही. सैनिक गेले. थँकफुलनं बर्फातून एकेक कपडा उचलला. त्यात तिचा लाल लोकरी परकर होता, त्यावर बुटाचा ठसा उमटला होता. तिनं तो धुतला, पण तो ठसा पूर्ण गेला नाही. आणि तो मोडका दरवाजा असाहेलनं दुरुस्त करू म्हटलं तर तिनं करू दिला नाही. दाराला नुसतं घोंगडं लावून त्यांनी तो हिवाळा काढला. ती म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. प्रायमसनं माझ्या तड्यावर तांब्याची पट्टी मारली आणि मी पुन्हा कामाला लागलो. मापाऱ्यानं पुन्हा तपासलं. मी तेव्हाही खराच निघालो.

पुढल्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला मोठमोठे लोक जमले आणि खिडक्या लावून घेऊन त्यांनी नवी राज्यघटना लिहिली. त्या उकाड्यात खिडक्या का लावल्या, हा आमच्या गिरणीवर महिनाभर चघळलेला विषय. शेवटी छापील कागद गावात आला. गावचे डीकन पीझली, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे आणि सभा चालवणारे वयस्कर गृहस्थ, त्यांनी तो गिरणीच्या दारात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. अध्यक्ष असेल, दोन सभागृहं असतील, न्यायालय असेल, सगळ्यांचं नाणं एक असेल. म्हणजे पिंपाला कडं आलं. लोक माना हलवत होते. वाचन संपलं तेव्हा थँकफुल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, घोंगडं अजून तिथंच होतं.

"डीकनसाहेब," ती म्हणाली, "यात माझ्या दाराचं काय लिहिलंय?"

डीकननी कागद उलटा करून पाहिला. काहीच लिहिलेलं नव्हतं. कुणाच्या घरात कधी शिरायचं, कधी नाही, कुणी काय बोलावं, काय छापावं, कुठल्या देवळात जावं, यावर चकार शब्द नव्हता. स्क्वायर तिथंच घोड्यावर बसले होते. ते हसून म्हणाले, चांगल्या सरकारला अशा गोष्टी लिहून द्याव्या लागत नाहीत. थँकफुल म्हणाली, चांगल्या गिरणीवाल्यालाही मापावर खूण लागत नाही, तरी तुम्ही दरसाल मारून घेता. स्क्वायरांचं हसू तिथंच थांबलं.

मित्रांनो, इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. कडं नको, असं असाहेल किंवा प्रायमस कुणीच म्हणत नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की कडं आवळायचं किती, हे आधी लिहून द्या. नाहीतर फळ्या मोडतात. बॉस्टनला राज्याची परिषद भरणार होती आणि घटना मानायची की नाही हे तिथं ठरणार होतं. आमच्या गावातर्फे डीकन जाणार हे ठरलेलंच होतं. त्यांनी तिथं काय सांगायचं, याचं मत गावसभेत होणार होतं. स्क्वायरांना गावाचा बिनशर्त होकार हवा होता. असाहेलचा करार वसंतात संपत होता, तो पुन्हा करायचा की नाही हे स्क्वायरांच्या हातात होतं. ते तसं बोलले नाहीत. फक्त जाता जाता म्हणाले, "फिच, गिरणीचं दार तेवढं नीट करून घे. पुढच्या माणसाला त्रास नको."

आता तुम्ही म्हणाल, मूठ झाकून दाणा टाकायचा, मग भीती कसली? तीच तर गंमत आहे. त्या शरद ऋतूत पुलाच्या कामावर एक लहानसं मत झालं होतं. स्क्वायर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. सभा संपल्यावर खानावळीत सफरचंदाच्या दारूचा पेला हातात घेऊन त्यांनी एकेकाला हसत हसत सांगितलं, तू होय म्हणालास, तू नाही म्हणालास. एकही चुकला नाही. मक्याचा दाणा चपटा. पडला की जागच्या जागी बसतो. घेवडा वाटोळा, तो माझ्या लाकडी तळावर गरगर लोळतो. स्क्वायरांनी कान देऊन ऐकलं होतं. "तुझा दाणा फार लोळला रे," ते एका शेतकऱ्याला म्हणाले आणि सगळे हसले. तो शेतकरी मात्र हसला नाही, कारण त्याची जमीन स्क्वायरांची होती.

मला तेव्हा पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. माझ्यात पाप नव्हतं, पण माझ्या तोंडून चहाडी होत होती.

सभेच्या दिवशी सकाळी थँकफुलनं मला चुलीजवळ घेतलं. तिनं तो लाल परकर काढला आणि बुटाच्या ठशाचा भाग कात्रीनं गोल कापला. पिठाची खळ लावून तो तुकडा तिनं माझ्या तळाशी घट्ट बसवला. मग एक घेवडा आत टाकून पाहिला. आवाज नाही. मका टाकला. आवाज नाही. असाहेल बाजूला उभा राहून बघत होता.

"अगं, मापात कापड?" तो म्हणाला. "कुणी पाहिलं तर गिरणी आजच जाईल."

"अहो, मला काही दाणा टाकता येत नाही," ती म्हणाली, "पण परकर तर माझा आहे ना?"

असाहेलनं मला काखेत मारलं आणि तो निघाला.

आमच्या सभाघरात तेव्हा शेगडी नसायची. लोक हातमोजे घालून, श्वासाची वाफ काढत बाकांवर बसले होते. बायकांना आत जागा नव्हती. त्या बाहेर बर्फात घोडागाड्यांजवळ थांबल्या होत्या. स्क्वायर आधी उभे राहिले आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या गोष्टीवर दाणे कसले टाकता, सरळ हात वर करू. प्रामाणिक माणसाला हात लपवायचं कारण काय? डीकन म्हणाले, रीत आहे ती आहे. तेव्हा स्क्वायरांनी मुकाट खुर्ची उचलली आणि माझ्या अगदी कानाशी आणून टाकली.

प्रश्न विचारला गेला: घटनेला बिनशर्त होकार द्यायचा का? मका म्हणजे होय. घेवडा म्हणजे, हक्क लिहून दिल्याशिवाय नाही.

पहिला माणूस आला. दाणा पडला. काहीच ऐकू आलं नाही. दुसरा आला. पुन्हा शांतता. स्क्वायर माझ्यावर वाकले. मग त्यांनी सरळ हात घातला, तळ चाचपला आणि मला उचलून सगळ्यांकडे कलतं केलं. लाल कापड सगळ्यांना दिसलं.

"बघा," ते म्हणाले. "तुमचा गिरणीवाला. मापात कापड घालून तुम्हाला धान्य मोजून देतोय. हे खोटं माप आहे."

मित्रांनो, आमच्याकडे यापेक्षा वाईट आरोप नव्हता. खोटं माप ठेवणाऱ्याच्या हातात गाव पुन्हा धान्य देत नसे. लोक असाहेलकडे बघू लागले. काहींच्या नजरेत संशय आलासुद्धा. असाहेलला वाचायला एकच वाट होती. बायकोनं केलं, मला माहीत नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर झालं होतं. गिरणीही वाचली असती.

तो बाकावरून उठून टेबलाशी आला. आधी त्यानं मला स्क्वायरांच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ ठेवलं.

"धान्य मोजताना हे कापड काढीन," असाहेल म्हणाला. "आज यात माणसं मोजायची आहेत. त्यांचा आवाज तुम्ही ऐकू नये म्हणून घातलंय."

मग त्यानं हातमोजा काढला, मूठ उघडली आणि तळहातावरचा घेवडा स्क्वायरांच्या तोंडापुढं धरला.

"ऐकायचाच होता ना? बघूनच घ्या. हा माझा. आता खुर्ची मागं घ्या, बाकीच्यांचा त्यांच्यापाशी राहू द्या."

आणि त्यानं तो दाणा सर्वांच्या देखत माझ्यात टाकला. गिरणी गेली हे त्याच क्षणी सगळ्यांना कळलं. त्यालाही कळलं होतं. तरीही टाकला.

डीकन पीझली सावकाश उठले. त्यांनी स्क्वायरांची खुर्ची, स्क्वायर अजून तिच्याजवळ उभे असताना, उचलली आणि पार दाराशी नेऊन ठेवली. "पुढचा," ते म्हणाले.

पुढचा प्रायमस होता. तो लंगडत आला, मूठ झाकूनच आला. त्याच्या मागून एकेक करून सगळे आले. ज्या शेतकऱ्याचा दाणा पुलाच्या वेळी लोळला होता, तोही आला. माझ्यात पडलेला एकही दाणा त्या दिवशी बोलला नाही. मोजले तेव्हा घेवडा मक्याहून बराच जास्त होता. एल्डरबरोनं लिहून घेतलं: हक्क लिहिल्याशिवाय आमचा होकार नाही.

वसंतात गिरणी गेली. असाहेल आणि थँकफुल टेकडीवरच्या दगडाळ तुकड्यावर राहायला गेले, तिथं दगडच जास्त पिकायचे. जाताना थँकफुलनं मला डीकनच्या हवाली केलं. म्हणाली, आमच्याकडे आता मोजायला काही नाही, हे गावाला ठेवा. पण कापड काढलंत तर माझ्याशी गाठ आहे.

आणि डीकननी बॉस्टनला काय केलं? होकार देऊन आले! तिथं फार मोठी भाषणं झाली, थोडक्या मतांनी घटना मान्य झाली, आणि होकारासोबत एक विनंती जोडली गेली की नव्या सरकारनं हक्कांची कलमं नंतर घालावीत. नंतर! डीकन परतले तेव्हा थँकफुल टेकडी उतरून त्यांच्या दारात उभी राहिली.

"आमचे घेवडे कुठं सांडले, डीकनसाहेब?"

डीकन म्हातारे झाले होते, पण खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, कडं नसतं तर यंदा पिंपच फुटलं असतं, थँकफुल. त्यांनी वचन दिलंय.

"वचन दिलं होय," ती म्हणाली. "मग आम्ही विचारत राहू."

नुसतं बोलून ती थांबली नाही. दाणा टाकणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या घरी एक बाई होती आणि थँकफुल त्या प्रत्येकीच्या चुलीपाशी जाऊन आली. पुढच्या गावसभेत असाहेलनं ठराव मांडला आणि तो मान्य झाला: यापुढं प्रत्येक सभेत, डुकरं आणि कुंपणं यांच्या आधी, पहिला प्रश्न हाच. दिलेलं वचन पाळलं गेलं का? पाळलं असेल तर मका, नसेल तर घेवडा. न्यूयॉर्कला नवं सरकार बसलं, पहिल्या अध्यक्षांनी शपथ घेतली, तोफा वाजल्या. एल्डरबरोत सभा भरली, पहिला प्रश्न विचारला गेला आणि मी घेवड्यानं भरलो. डीकन प्रत्येक वेळी निकाल सरकारला कळवायचे. गावातले शहाणे म्हणायचे, एवढ्याशा गावाच्या घेवड्याला कोण विचारतो? मी म्हणायचो, विचारू नका, मोजा.

शेवटी एका मार्चमध्ये बातमी आली. दहा कलमं घटनेत घातली गेली होती. डीकन काठी टेकत टेकडी चढले आणि थँकफुलच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी ती वाचली. तिनं एक कलम पुन्हा वाचायला लावलं, कागदाशिवाय आणि कारणाशिवाय कुणाच्या घराची झडती घेता येणार नाही ते. मग तिनं त्यांना मक्याची भाकरी आणि काकवी वाढली. असाहेल म्हणायचा, त्या दिवशी तिनं कुणाचे तरी आभार मानले. मी तिथं नव्हतो, त्यामुळे विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या राज्यानं स्वतः त्या कलमांना रीतसर होकार कळवायला मात्र जवळजवळ दीडशे वर्षं लावली. मोठ्यांची स्मरणशक्ती अशीच असते.

कलमांची बातमी आल्यानंतरच्या सभेत पहिला प्रश्न विचारला गेला. लोक हसत हसत पुढं येत होते. मका पडत होता. स्क्वायरांनीही टाकला. मोजायला डीकननी मला टेबलावर उपडं केलं. सगळा मका. आणि त्यात एक घेवडा.

काहींना राग आला. एक जण म्हणाला, चुकून पडला असेल, बाजूला काढा, एकमतानं झालं असं लिहू. कागदावर शोभून दिसलं असतं ते. पण चूक नव्हती ती. त्या दहा कलमांत कॅरोलिनात विकलेल्या सिल्वीसाठी एक ओळ नव्हती. उलट तिच्यासारख्यांना गुलामीत धरून ठेवणारी कलमं मूळ घटनेत तशीच होती. बाहेर बर्फात उभ्या असलेल्या बायकांसाठीही एक ओळ नव्हती, आणि त्यांच्यातली एक सकाळीच नवऱ्याच्या हातमोज्यात काय ठेवतेय, हे कुणाला काय माहीत.

डीकननी तो घेवडा दोन बोटांत धरून सभेला दाखवला.

"कुणाचा हे कुणी विचारायचं नाही," ते म्हणाले. "पण हा मोजला जाईल."

त्यांनी निकाल तसाच लिहिला. मग माझ्या तळाच्या लाल कापडाची कड एका बाजूनं थोडी उचलली, दाणा आत सरकवला आणि कड दाबून बसवली. प्रश्न सुटेल तेव्हा काढू, असं म्हणाले. त्यानंतर डीकन गेले, असाहेल गेला, थँकफुल गेली, प्रायमस गेला. गावात मतपेट्या आल्या, चिठ्ठ्या आल्या. मला माळ्यावर टाकलं, उंदरांनी काठ कुरतडला, मग कुणीतरी खाली आणून पुसलं आणि काचेत ठेवलं. दाणा काढायला मात्र कुणी आलं नाही.

म्हणून मला त्या प्लास्टिकच्या मक्याची चीड येते, मित्रांनो. बघणाऱ्याला वाटतं, या गावानं सगळ्याला होयच म्हटलं.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात, आमची काळजी घ्या, धूळ पुसा, तेल लावा. मी विनवणी करत नाही. मला धुळीचं काही वाटत नाही. पुढच्या खेपेला आलात की बाईंना काच उघडायला सांगा. नाही म्हणाल्या तर पुन्हा सांगा. थँकफुलनं काय केलं ते तुम्ही ऐकलंय. मग त्या खोट्या मक्यात कोपरापर्यंत हात घाला. तळाशी लोकरीचं कापड लागेल. त्याखाली एक लहानसा कडक उंचवटा बोटाला टोचेल. तोच तो घेवडा.

तो कुणी टाकला, हे मला ठाऊक आहे. ती मूठ मी ओळखली होती. पण तुम्ही कितीही विचारलंत तरी सांगणार नाही. माझ्या तोंडून एकदा चहाडी झाली, पुन्हा व्हायची नाही. तुम्हाला विचारायचंच असेल तर डीकन सभेला जे विचारायचे ते विचारा: दिलेलं वचन पाळलं गेलं का? आणि उत्तर माझ्या कानात सांगू नका. दाणा घेऊन या.